आवणीपुरती अट

आषाढात माझा चहा बंद असतो. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी यावर चर्चा होते. कुणी म्हणतं व्रत असेल, कुणी म्हणतं ॲसिडिटी. चहा आणणाऱ्या मावशी मला वगळून पुढच्या टेबलाकडे जाताना अशा बघतात, की जणू मी त्यांच्या पोटावर पाय दिलाय. मी नुसती हसते. खरं कारण सांगायचं तर अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणापासून सुरुवात करावी लागेल, आणि दोन तासांमधल्या सुट्टीत ते बसत नाही.

यंदाही पावसानं चांगलं मनावर घेतलंय. भूगावात आमच्या बाल्कनीसमोर एका बिल्डरनं इमारतीसाठी मोठा खड्डा खणून ठेवला होता. तो काठोकाठ भरला आणि त्यात बेडकांनी बस्तान बसवलं. संध्याकाळ झाली की त्यांची सभा भरते, आणि ती आमच्या सोसायटीच्या सभेपेक्षा पुष्कळ एकमतानं चालते. गेल्या आठवड्यात ही सभा रंगात आलेली असताना फोन वाजला. सुमनकाकी होत्या. काकी फोनवर ‘हॅलो’ वगैरे म्हणत नाहीत.

“रोपं हाताला आली. रईवारी शैलाच्यात आवणी. येतीयास न्हवं?”

“येते काकी.”

“आन च्या?”

“आजपासून बंद.”

“ब्येस,” म्हणून काकींनी फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचा डबा उचलला आणि रविवारी न्यायच्या पिशवीत घातला. नवरा दारात उभा राहून बघत होता. “म्हणजे माझाही बंद?” तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही हे मलाही मान्य आहे. पण निर्बंधांची झळ आधी शेजारच्याला बसते, हा त्या विषयातला पहिला धडा आहे, आणि तो मी मुठा खोऱ्यातल्या एका चिखलात उभी राहून शिकले.

तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं आणि नोकरीही पक्की नव्हती. तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायचे. घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक निघायचं होतं, त्यातलं एक प्रकरण माझ्या वाट्याला आलं. ‘परकीय मदत आणि अमली पदार्थ नियंत्रणातील सहकार्य’. ज्येष्ठ मंडळींनी चांगली चांगली प्रकरणं आधीच उचलली होती, हे तळाशी उरलं होतं. पुण्यातल्या खोलीत आम्ही चौघी राहायचो, तिथं स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येत नसे. म्हणून मी शांतता शोधत पिरंगुटवरून आत वळले आणि मुठा गावाच्या अलीकडच्या एका वस्तीत सुमनकाकींच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. काका गेल्यावर काकींनी ती खोली भाड्यानं द्यायला काढली होती. खोलीला एक खिडकी, खिडकीत एक डोंगर, आणि डोंगरावर कायम ढग. भाड्यात हे सगळं धरलेलं होतं.

शांतता काही मिळाली नाही. पाऊस होता ना. मी लातूरकडची. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, दोन घास खातो आणि जातो. इथं तो घरातलाच होता, कुठंही बसायचा. पुस्तकांची पानं फुगली, मीठ पाणी सोडायला लागलं, काड्यापेटी चुलीशेजारी ठेवल्याशिवाय पेटेना. धुतलेले कपडे काकी चुलीवर दोरी बांधून वाळवायच्या, त्यामुळं वर्गात मी ‘लोकशाही’ शिकवत असले तरी माझ्या ओढणीतून भाकरीच्या धुराचा वास यायचा. पहिल्या बाकावरच्या मुलींना त्या वासानं भूक लागायची म्हणे. मला तो वास इतका आवडायला लागला, की अजून कुठं ओल्या लाकडाचा धूर दिसला तर मी गाडीची काच खाली करते.

सकाळी चुलीपुढं बसून चहा प्यायचा, ही त्या दिवसांतली सगळ्यात सुखाची गोष्ट. मी चहा घ्यायचे आणि समोर काकी मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि ती पूड बोटावर घेऊन दातांवर सावकाश फिरवत बसायचं. काकींचं ते रोजचं ध्यान होतं. त्या वेळेत त्या कुणाशी भांडत नसत. कमरेला खोचलेली पितळी डबी निघाली, की जगातलं सगळं थोडा वेळ थांबायचं. अशाच एका सकाळी त्यांनी विचारलं, “मास्तरीण, तू दिसभर ल्हीतीस तरी काय?”

मी सांगितलं. अमेरिकेसारखा मोठा देश लहान देशांना मदत देतो. पण दरवर्षी बघतो, की कुठल्या देशानं गांजा-अफू-कोकेन रोखायला मनापासून हात लावला आणि कुणी टाळाटाळ केली. टाळाटाळ करणाऱ्याची मदत रोखता येते.

काकींचं बोट दातावरच थांबलं. “म्हंजी सावडच की,” त्या म्हणाल्या.

सावड मला तेव्हा नवीन होती. आवणी, म्हणजे भाताची लावणी, एकट्यादुकट्याचं काम नाही. आज सगळ्या बायांनी मिळून एकीच्या खाचरात लावायचं, उद्या दुसरीच्या. पैसे कुणी कुणाला देत नाही, फक्त ज्याच्या खाचरात लावणी त्याच्या घरी जेवण. कुणाकडून आलेला हात त्याच्याकडे परत गेला पाहिजे, एवढाच कायदा.

“आमी तुज्यात येतू, तू आमच्यात ये, पर नीट वाग,” काकी स्वतःशीच म्हणाल्या. मग चूळ भरली आणि माझ्याकडे अशा कौतुकानं बघितलं, की जणू हा कायदा मीच केलाय. “लई ब्येस हाय ह्ये. आपल्याकडं का न्हाई?”

मी प्रकरणाचा पहिला परिच्छेदही पुरा केला नव्हता आणि ते धोरण लागू झालं.

दुपारी काकींच्या ओसरीवर बाया जमल्या. बाहेर पावसाची झड, मध्ये कुर्डूच्या भाजीचा ढीग, आणि सगळ्यांचे हात निवडण्यात गुंतलेले. काकींनी अट मांडली. ज्या घरातला माणूस पितो, त्या घराला सावड नाही. चर्चा फार झाली नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण प्रत्येकीच्या डोळ्यांपुढं दुसरीचा नवरा होता. उंबऱ्याशी बसलेल्या शैलानं मात्र सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. शैला म्हणजे काकींच्या पुतण्याची, दत्तूची बायको. तिच्या डोळ्यांपुढं तिचाच नवरा होता.

दत्तू वरच्या अंगाच्या बंगल्यांवर राखणीला होता. शनिवार-रविवार पुण्याची माणसं गाड्या भरून यायची, पावसाचे फोटो काढायची, आणि सोमवारी सकाळी बाटल्यांच्या तळाशी दोन-दोन बोटं उरवून निघून जायची. दत्तू त्या सगळ्या उरलेल्या एकाच बाटलीत ओतायचा. त्या बाटलीचा रंग कुठल्याही एका दारूचा नव्हता. ती गुरुवारपर्यंत पुरायची. शुक्रवारी दत्तू वस्तीतला सगळ्यात गोड माणूस असायचा. खेकडे धरून आणायचा, शेजाऱ्यांच्या कौलांवर चढून गळती काढायचा, पोरांना हसवायचा. शैलाला तो रोज शुक्रवारसारखा हवा होता, बाकी काही मागणं नव्हतं.

पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी आली. वस्तीत पॉवर टिलर एकच, बबनदादांचा. तो फिरल्याशिवाय कुणाच्याच खाचरात चिखल होत नाही, आणि बबनदादा तर उघड पिणारे. मी काकींकडे बघितलं.

“त्यो येगळा इषय हाय,” काकी म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

मी खोलीत पळत जाऊन कागद काढला. कारण अगदी हेच अमेरिकेच्या त्या कायद्यात आहे! एखादा देश नापास झाला, तरी राष्ट्रहिताचं कारण दाखवून त्याला सूट देता येते. हे कलम विद्यार्थ्यांना कसं समजवावं म्हणून मी दोन दिवस डोकं धरून बसले होते. बबनदादांच्या टिलरनं ते एका फेरीत सुटलं. त्या संध्याकाळी मी तीन पानं लिहिली, आणि इतकी खुशीत लिहिली, की काकींनी बाहेरून विचारलं, “कुणाचं पत्तर आलंय?”

सावड सुरू झाली. एकेक खाचर सकाळी तपकिरी असायचं आणि संध्याकाळी हिरवं. पाण्यात ढग दिसायचे आणि ढगांमध्ये बाया वाकलेल्या. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, पाठीवर पाऊस, आणि तोंडात कधी गाणं, कधी कुणाच्या तरी सुनेची निंदा. मी कॉलेजला जाताना बांधावर उभी राहायचे आणि बस चुकवायचे. हिरव्या रंगात इतके प्रकार असतात हे मला आमच्या काळ्या रानात कधी कळलं नव्हतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध शैलाचं खाचर तसंच पडून होतं.

दत्तूनं आधी हसण्यावारी नेलं. “मी एकला लावीन,” म्हणाला. मग सोमवार आला, बंगले रिकामे झाले, बाटली भरली. शैला एकटी उतरली. सकाळपासून वाकून तिनं एका कोपऱ्यात चटईएवढं हिरवं केलं. बाया बांधावरून पुढच्या खाचराकडे जाताना खाली बघून जायच्या. शैला हाक मारत नव्हती. तिनंच हात वर केला होता ना. वाफ्यातली तिची रोपं मात्र कुणासाठी थांबत नव्हती. भाताचं रोप वेळेत उचललं नाही तर जून होतं, कांडी धरतं, मग लावलं तरी त्याला फुटवे येत नाहीत. वर्षाचा तांदूळ त्या वाफ्यात उभ्या उभ्या म्हातारा होत चालला होता. ते मला खिडकीतून दिसायचं. मी खिडकीला पाठ करून बसले तरी दिसायचं.

काकींनाही दिसत होतं. त्यांचं मागचं दार शैलाच्या खाचराकडे उघडायचं, ते त्या दिवसांत लोटलेलं असायचं. ताटात भात वाढून घ्यायच्या आणि बोटांनी नुसता चिवडायच्या. मी एकदा म्हटलं, “काकी, शैलाला अटीतून वगळा ना.” तर उसळल्या. “बबन्याला सूट, दत्तूला सूट, मंग अट कुणाला? तुज्या पुस्तकाला?” माझ्या प्रकरणात त्या जागी मी ‘या धोरणाच्या अंमलबजावणीत काही व्यावहारिक अडचणी संभवतात’ एवढं लिहून पुढं गेले होते. त्या वाक्याचा मला आता राग यायला लागला. दूरच्या कुठल्या डोंगरात अशीच एखादी बाई असणार, तिचं असंच काहीतरी वाळत असणार, आणि तिच्यासाठी मी ‘संभवतात’ लिहिलं होतं.

एका शुक्रवारी सकाळी शैला सरळ काकींच्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. पदरातून पाणी ठिबकत होतं. काकी नेहमीप्रमाणे मिश्री लावत होत्या, मी चहाचा कप घेऊन बसले होते. दारासमोरच्या नळावर चार बाया होत्या, त्यांचे हंडे भरून वाहायला लागले तरी कुणी हललं नाही.

“काकी, पितंय कोन आन उपाशी ऱ्हायचं कुनी?” शैला म्हणाली. “अट मीबी मानली. पर रोपं मरत्यात माजी. वरीसभर पोरांच्या ताटात काय वाडू? तुमची अट?”

काकी काही बोलणार तेवढ्यात शैलाच्या मागून दत्तू आला. शुक्रवार होता, त्यामुळं शुद्धीत होता आणि खाली मान घालून होता. “सोडतू मी,” तो म्हणाला. “आवणी हुस्तवर थेंब घ्येनार न्हाई. पर काकी, आदी तुमचं बोट तोंडातनं भाईर काडा.”

नळावर कुणीतरी फिसकन हसलं.

“मिश्री आन दारू येक व्हय रं, मुडद्या?” काकी गरजल्या.

“येक न्हाई. पर तुमाला सुटतीया का त्येवढं सांगा.”

काकींनी इकडंतिकडं बघितलं. नळावरच्या बायांकडे, शैलाकडे, आणि मग माझ्याकडे. “मास्तरीण, तुज्या पुस्तकात काय हाय ह्येच्यावर?”

माझी पंचाईत झाली. पण पुस्तकात होतं, त्याला मी काय करणार? “काकी,” मी कपाआड तोंड लपवत म्हटलं, “ज्यांच्याकडे तो माल सगळ्यात जास्त खपतो तेच बाकीच्यांची परीक्षा घेतात, असा त्या देशांवर जुना आक्षेप आहे.”

काकींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठल्या, पडवीत जाऊन चूळ भरली, कमरेची डबी काढली आणि दत्तूच्या पुढं धरली. “धर. आवणी हुस्तवर तुज्याकडं. आन तुजी बाटली हितं आन, ती माज्याकडं.”

दत्तूला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं मान खाजवली, शैलाकडे बघितलं, आणि मुकाट्यानं जाऊन बाटली घेऊन आला. या खेपेला तळाशी बोटभर उरलेलं ते रंगीत पाणी काकींनी फडताळात गणपतीच्या तसबिरीमागं ठेवून दिलं. नळावरच्या बाया आता पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि मीही हसत होते. काकी गर्रकन वळल्या.

“आन तू का दात काडतीयास? कितवा कप त्यो?”

तिसरा होता. माझा चहाचा डबा शैलाच्या हाती गेला. निरोप बबनदादांकडेही गेला, की आता सूट कुणालाच नाही. बबनदादांनी आपली बाटली काही दिली नाही, पण गुटख्याची माळच्या माळ काकींच्या दारात आणून टाकली आणि संध्याकाळी प्यायचं आवणीपुरतं थांबवलं, असं निदान त्यांची बायको सांगायची. पूर्ण सहकार्य कुठल्याच देशाकडून मिळत नसतं.

दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती शैलाच्या खाचरात उतरली. इतकी चिडकी सावड मुठा खोऱ्यानं कधी पाहिली नसेल. काकींचं डोकं दुखत होतं, माझं दुखत होतं, दत्तूच्या हातातून रोपांच्या मुठी सुटत होत्या आणि बबनदादा टिलरशी भांडत होते. गाण्यात पुढं असणाऱ्या काकी त्या दिवशी गायला तयार होईनात. “तोंड सपक झालंय माजं, गानं कुटनं यीन?” म्हणाल्या. मीही चिखलात उतरले. पाय आत गेला तो गुडघ्यापर्यंत गेला आणि एक चप्पल कायमची तिथंच राहिली. रोपं जून होती म्हणून एकेका चुडात, म्हणजे एका जागी खोचायच्या जुडीत, दोन काड्या जास्त धरायच्या आणि चूड जवळजवळ लावायचे, असं बायांनी ठरवलं. माझी ओळ कुठल्या कुठं गेली. शैलानं ती उपटून पुन्हा लावली आणि म्हणाली, “ताई, तुमी बांधावर बसा, तितं तुमी लई चांगल्या दिसता.” त्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि सुकटाची चटणी होती. दत्तूनं खेकड्यांचा रस्सा केला होता आणि तो स्वतः वाढत होता. काकींच्या पानात वाढताना म्हणाला, “तिकट लागतंय का, काकी? मिश्रीबिगर चव कळतीया जनू.” काकींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. संध्याकाळी खाचर हिरवं झालं, जरा उशिरानं आणि जरा वाकडं, पण पुरतं हिरवं. शैला बांधावर उभी राहून बघत होती आणि तिच्या तोंडावर पाऊस पडत होता. मी आयुष्यात काही बक्षिसं मिळवलीत, पण त्या संध्याकाळी आपण चिखलानं भरलेले तिथं होतो, याचा मला जेवढा आनंद आहे तेवढा त्यांचा नाही.

दिवाळीनंतर शैलाच्या घरी भात आलं. नेहमीपेक्षा थोडं कमी, पण वर्षाला पुरेल इतकं.

माझं प्रकरणही पुरं झालं. शेवटी मी लिहिलं, की अट घालणाऱ्यानं स्वतःवरही एक अट घालून घ्यावी, आणि शिक्षा कुणाच्या ताटापर्यंत पोचते ते आधी जाऊन बघावं. संपादकांनी समासात लाल पेननं विचारलं, ‘संदर्भ?’ मी खूप विचार केला. ‘सुमनकाकी, चुलीपुढील चर्चा’ असं लिहावंसं वाटलं होतं. शेवटी त्यांनी ते वाक्य गाळलं आणि व्यावहारिक अडचणी संभवत राहिल्या. पुस्तक अजून चालतं. परीक्षेला त्या प्रकरणावर एक टीप हमखास येते.

हे सगळं मी गोड करून सांगतेय असं कुणाला वाटेल, म्हणून हेही सांगते. त्या वर्षी आवणीच्या शेवटच्या दिवशी काकींनी डबी हिसकावून घेतली आणि तिथंच बांधावर बसून बोट तोंडात घातलं. दत्तूनंही बाटली घेतली. थोडा वेळ हातात धरून उभा राहिला, आणि सोमवारी पुन्हा बंगल्यांवरून झुलत खाली आला. पुढच्या आषाढात मात्र शैलानंच काकींच्या दारात जाऊन आठवण केली, आणि डबी-बाटलीची अदलाबदल पुन्हा झाली. मग ती चालच पडली. एका वर्षी दत्तू दसऱ्यापर्यंत टिकला. एका वर्षी दिवाळीही निघाली, आणि मग जत्रेत घसरला. काकी दरवर्षी टिकायच्या त्या फक्त आवणीपुरत्या, एक दिवस जास्त नाही. माझंही तसंच. शैला माझा डबा फडताळात वर ठेवते आणि कडक राखण करते. एकदा मी डोकं धरून बसले होते तर तिनं मला तिच्या हातचा गवती चहाचा काढा दिला, आणि वर ठणकावून सांगितलं, की यात चहापत्तीचा कण असेल तर नाव बदलीन.

मध्ये बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, नोकरी पक्की झाली, भूगावात फ्लॅट झाला. वस्तीवरचे बंगले वाढत वाढत डोंगराच्या कमरेपर्यंत गेले. बबनदादांनी रस्त्याकडची जमीन विकली, पण टिलर ठेवलाय आणि आवणीला तो अजून आणतात. मी वर्गात हा विषय शिकवते तेव्हा मुलं विचारतात, “मॅडम, मग अशी अट घालून उपयोग होतो की नाही?” पुस्तकात दोन्ही बाजू आहेत, त्या मी सांगते. स्वतःचं मत काय, तर म्हणते, “आषाढ संपल्यावर सांगते.” त्यांना वाटतं मॅडम टाळतात.

कालच्या रविवारी मी पिशवीत डबा घेऊन गेले. पाऊस बारीक होता, घाटावरचं धुकं शैलाच्या खाचरापर्यंत उतरलं होतं. चिखल तयार, रोपांच्या मुठी पाण्यात टाकलेल्या, बाया कासोटे खोचून उभ्या. काकींना आता वाकवत नाही. त्या बांधावर खताचं पोतं अंथरून बसतात आणि तिथून सगळ्यांच्या ओळींना नावं ठेवतात. पहिला चूड लावायच्या आधी देणंघेणं व्हायचं असतं. मी शैलाकडे डबा दिला. तिनं झाकण उघडून हुंगून खात्री करून घेतली. मग काकींनी कमरेची डबी काढली, एका हातात धरली आणि दुसरा हात दत्तूपुढं पसरला.

“बाटली?”

“न्हाई,” दत्तू म्हणाला.

“इसरलास?”

“न्हाई काकी. घरातच न्हाई. शिमग्यापासनं न्हाई.” त्यानं दोन्ही हात पुढं करून दाखवले. चिखलानं भरलेले होते आणि रिकामे होते. “माज्याकडं काय न्हाई द्यायाला.”

शैला पाण्यात वाकलेली होती आणि रोपांची एकच मूठ सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. तिला हे ठाऊक होतं, आणि शिमग्यापासून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. नजर लागेल म्हणून असेल.

“लबाड,” काकी म्हणाल्या. “मंग मी एकलीनंच द्यायची व्हय?”

बाया हसल्या. दत्तूही हसला. “नगा दिऊ, काकी.”

काकींनी डबीकडे बघितलं. अंगठ्यानं तिच्यावरचा चिखलाचा ठिपका पुसला. मग दत्तूचा हात ओढून घेतला, डबी त्याच्या तळव्यात ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटली.

“ठिव,” त्या म्हणाल्या. “आवणी झाल्यावर मी मागाया यीन. दिऊ नगंस.”

शैलानं चिखलाच्याच हातानं डोळे पुसले, कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल फासून घेतला आणि सगळ्यांवर ओरडली, “चला की आता! रोपं वाळाया लागली.”